सहा आठवड्यांची गाडी

मथुरेच्या भांगातलं काजळ ओघळलं ते गाडीतळाच्या उतारावर, भर दुपारी, शंभर माणसांच्या देखत.

आषाढ सरत आला होता. सकाळपासून उघडीप, म्हणून छत्री तिने स्टँडवरच्या कपाटातच ठेवलेली. आणि पाऊस आला तो मागून येऊन डोळे झाकणाऱ्या मैत्रिणीसारखा. दिसलं त्या पहिल्या छपराखाली ती शिरली. छपराच्या पागोळ्या तिच्या पाठीवर, समोर काचेचं दार, दारावर अक्षरं — ‘किनारा’, खाली बारीक ‘स्त्री-पुरुष केशकर्तन’. आत एक उंच माणूस केर काढत होता. त्याने मान वर केली आणि दार उघडलं.

“आत या. पागोळीखाली उभं राहिलं की माणूस दुप्पट भिजतं.”

ती आत आली आणि समोरच्या आरशात तिने स्वतःला पाहिलं. भांगातून दोन काळे ओहोळ निघाले होते. एक कपाळावरून भुवईला टेकलेला, दुसरा कानामागून थेट कॉलरीपर्यंत.

“काजळ डोळ्यांत घालतात,” टॉवेल पुढे करत तो म्हणाला. “भांगात घालणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

रागवायला हवं होतं. पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता... जुन्या ओळखीच्या माणसाने चिडवावं तसं काहीतरी होतं.

“डाय संपला होता,” ती पुटपुटली. “आणि आज ऑफिसात ओळखपत्राचे फोटो काढायचे होते.”

“काढले?”

“काढले.”

“म्हणजे आता सरकारदरबारी तुमची ओळख काजळाची.”

ती हसली. आणि हसल्यावर तिला कळलं, की आज दिवसभरात तिने आपला आवाज गाड्या पुकारायलाच वापरला होता. मथुरा शिवलकर, वय अठ्ठेचाळीस, रत्नागिरी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत वाहतूक नियंत्रक. राजापूरची गाडी फलाट तीनवर, लांज्याची पाचवर. आख्खा तालुका तिच्या आवाजावर उठून चालू लागायचा. तिला स्वतःला मात्र सुट्टी झाली की एकच गाडी होती, शिरगावची, आणि त्या गाडीच्या शेवटी एक कुलूप.

“झाकता कशाला?” तो विचारत होता.

“सगळेच झाकतात.”

“झाकलं की पंधरा दिवसांत रेघ उघडी पडते. मग पुन्हा झाका. मिसळलं तर रेघच राहत नाही. तुमचं काळं तिथेच, पांढरं तिथेच, मधे मी थोडी राखाडी आणि थोडी चांदी विणतो. ग्रे ब्लेंडिंग म्हणतात.” थांबून म्हणाला, “तुमचं पांढरं चांगलं आहे हो. उगाच तोंड काळं केलंत त्याचं.”

“नाव काय तुमचं?”

“हरिश्चंद्र.”

“म्हणजे खोटं बोलत नाही?”

“गिऱ्हाइकाशी तर नाहीच. म्हणून अर्धी परत येत नाहीत.”

*

रविवारी ती गेली. साडेचार तास बसली. बट उचलायची, बारीक दातांच्या कंगव्याने निवडायची, चंदेरी कागदात गुंडाळायची... तांदळातले खडे निवडावे तसं तो निवडत होता. मग त्याने तिला मागे टेकवलं, पाणी सोडलं, आणि तिच्या केसांत बोटं घातली.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तोवर रोज संध्याकाळी मथुरा आईची पांढरी वेणी घालायची, आणि वेणी झाली की आई वळून तिच्या डोक्यावरून एकदाच हात फिरवायची, ‘पुरे गो बाय’ म्हणायची. त्या हातानंतर तिच्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. भाऊ मुंबईत. फोनवर माया करता येते. डोक्यावरून हात फिरवता येत नाही.

कोमट पाणी कानामागून वाहत होतं. तिच्या मिटल्या डोळ्यांतून आणखी थोडं त्यात मिसळलं.

“शाम्पू गेला का डोळ्यांत?” त्याने हळूच विचारलं.

“हो.”

शाम्पू अजून लावलाच नव्हता. दोघांनाही ते ठाऊक होतं. त्याने नळ मात्र लगेच बंद केला नाही, आणखी थोडा वेळ पाणी वाहू दिलं.

आरशातल्या बाईकडे ती बघत राहिली. कुठे काळं संपतं, कुठे पांढरं सुरू होतं, सांगता येत नव्हतं. तिन्हीसांजेचं आभाळ कुणी डोक्यावर घातल्यासारखं.

“आता खरं काम तुमचं,” तो म्हणाला आणि चिठ्ठी लिहायला बसला. आठवड्यातून दोनदाच धुवायचं. कढत पाणी नको. पिवळं तेल नको. उन्हात डोक्यावर ओढणी. “घरी पाणी कुठलं?”

“बोअरचं. बादलीला तांबडा थर बसतो.”

“जांभ्यातून येतं ना, लोखंड घेऊन येतं. चांदीचं महिन्याभरात पितळ करील. पावसाळा आहे तोवर पागोळीचं पाणी पिंपात धरा, शेवटचं पाणी त्याचं घ्या. आणि पिवळेपणा दिसला की हा जांभळा शाम्पू.” बाटली पुढे करत तो हसला. “जांभ्याला जांभळा उतारा. दर बुधवारी. तीनच मिनिटं ठेवायचा हां. जास्त राहिला तर डोकं वांग्यासारखं.”

“न्हाणीघरात घड्याळ नाही... मी ओव्या म्हणेन.”

“ओव्या? जात्यावरच्या?”

“आईच्या. जातं गेलं, ओव्या राहिल्या. एकीला अर्धं मिनिट लागतं.”

त्याने चिठ्ठीवरचं ‘तीन मिनिटं’ खोडलं आणि मन लावून लिहिलं — ‘सहा ओव्या’. “एक म्हणून दाखवा. माप बरोबर आहे का बघतो.”

लाजत, खिडकीतल्या पावसाकडे बघत, तिने म्हटली:

*पहिली माझी ओवी*
*परसाच्या झऱ्याला*
*माहेरच्या वाऱ्याला*
*वाट सांगे*

“शेवट अर्धाच राहिला?”

“ओवीचं शेपूट आखूडच असतं. आई म्हणायची, शेपटाला यमक लागत नाही. खरं लागतं.”

त्याचा हात चिठ्ठीवर क्षणभर थबकला. मग खाली शेवटची ओळ लिहून त्याने चिठ्ठी तिच्या हातात दिली — ‘सहा आठवड्यांनी येणे.’

*

चिठ्ठी न्हाणीघराच्या आरशाला चिकटली. त्या घरात दोन वर्षांनी कुणाचं तरी सांगणं ऐकायला मिळालं होतं — हे करा, हे नको, अमक्या वारी करा. मथुरेने ते असं पाळलं, जसं कुणी सोळा सोमवार पाळावेत. पागोळीखाली पिंप मांडलं, वर धुतलेलं फडकं बांधलं. बुधवारी संध्याकाळी केसांना जांभळा फेस लावायचा आणि बंद दारामागे सहा ओव्या. रिकाम्या घरात आवाज घुमायचा. वाटायचं, पलीकडच्या खोलीत आई जात्याला दुसरा हात देते आहे.

शेजारच्या गंगुबाईंनी एकदा मोरीतून जाणारं पाणी पाहिलं. “काय गो मथुरा, जांभळां डोक्यावर चेचलीस की काय?”

“औषध आहे, काकी.”

“कसल्यावरचं?”

काय सांगणार? “पितळेवरचं,” ती म्हणाली.

स्टँडवर सदू कंडक्टर खिडकीत डोकावून म्हणे, “मथुराताई, हल्ली राजापूरची गाडी पुकारता तां गाणं म्हटल्यासारखं पुकारता. पब्लिक गाडीत चढायचं सोडून ऐकत ऱ्हातं.”

सहा आठवड्यांनी ती गेली. त्याने बटा उचलून पाहिल्या, मान डोलावली. “इतकं कुणी सांभाळत नाही. आज रंगाची गरजच नाही. नुसतं धुतो.” आणि धुता धुता बोलत राहिला. बावीस वर्षं प्रवासी जहाजांवर केस कापले, साहेब-मडमांचे. नऊ नऊ महिने पाण्यावर. घरी बायको होती. “वाट बघून बघून कंटाळली. एका सुट्टीत आलो तर शांतपणे म्हणाली, मला आता दुसरीकडे राहायचंय. तिचं चुकलं नाही. वाट बघायला लावणं हाच माझा धंदा होता.”

“मग परत का आलात?”

“किनारा,” त्याने दाराकडे बोट दाखवलं. “शेवटी लागतोच की.”

तिसऱ्या वेळी, ऑक्टोबरात, त्याने ओढणी बाजूला केली आणि थांबला. कपाळावरची एक बट फिकट जांभळी झाली होती, सदाफुलीसारखी.

“हे काय?”

मथुरा आरशात बघेना.

“किती ओव्या म्हटल्यात?”

“सहा...”

“मथुराबाई.”

“...सात.”

“सातवी आईची?”

“नाही.”

“मग कुणाची?”

“माझीच. जुळवत होते. शेपूट सापडत नव्हतं, म्हणून वेळ गेला.”

“कशावरची ओवी?”

“तुम्ही बट नीट करा बघू आधी.”

त्याने केली. पण कात्री ठेवताना म्हणाला, “सापडलं शेपूट की सांगा. मला मापासाठी हवंय... चिठ्ठीत बदल करावा लागेल.” आणि आरशात दोघांची नजर एकमेकांना भिडली आणि आरशातच राहिली.

पुढच्या वेळी, नोव्हेंबरात, पुन्हा नुसतं धुणंच झालं. निघताना रीत म्हणून विचारावं तसं तिने विचारलं, “आता?”

“सहा आठवडे,” तो म्हणाला. तीस डिसेंबर. तिने ती तारीख चौकशीच्या खिडकीतल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने, कुणाला दिसणार नाही एवढंसं टिंब देऊन ठेवली.

*

नाताळच्या सुट्टीत भावाची मुलगी सानवी आली. मुंबईत कुठल्याशा मोठ्या सलूनमध्ये काउंटर सांभाळायची. आत्याला पाहिलं तशी तिच्याभोवती एक गिरकी मारली. “आत्या, काय भारी केलंयस गं. कुणी केलं?”

“इथेच एकांनी. परवा तीसला जायचंय. सहा आठवडे होतील.”

“सहा आठवडे?” सानवी हसत सुटली. “अगं, ब्लेंडिंग करतात कशाला मग? रेघ दिसत नाही म्हणूनच. आमच्याकडे बायका तीन-तीन, चार-चार महिने फिरकत नाहीत. तू तर इतकं जपतेस, बारा आठवडे आरामात. बनवलं तुला, आत्या. गिऱ्हाईक बांधून ठेवतात ना, तसलं.”

पोर बोलून गेली आणि समुद्रावर फिरायला गेली. मथुरा ओट्याशी उभी राहिली, हातातला नारळ तसाच.

बनवलं.

एकट्या बाईला ओळखायला असं कितीसं लागतं? पहिल्याच रविवारी डोळ्यांतलं पाणी पाहिलं होतं त्याने. हिला कुणी नाही. ही सांगेल तेव्हा येईल... तिचं काय काय त्याने ऐकलं होतं! आईची वेणी, ओव्या, सातवी ओवी. लाजेने तिचे कान तापले. नाव हरिश्चंद्र.

तीस तारखेला ती गेली नाही. घरी येऊन दार लावून बसली. संध्याकाळी त्याचा फोन आला. वाजत राहिला, थांबला. पुन्हा आला नाही. त्याचा तिला राग आला, आणि फोन पुन्हा आला असता तरीही राग आलाच असता.

सातवा आठवडा गेला. केस जसेच्या तसे. रोज सकाळी आरशात ती भांग तपासायची आणि रेघ कुठेच नसायची, आणि तेच तिच्या जिव्हारी लागायचं. एखादी तरी रेघ दिसावी, तो खरा ठरावा... पण केस त्याच्याविरुद्ध साक्ष देत होते. पिंपाच्या तळाशी ओंजळभर पाणी उरलं, मग तेही संपलं. जांभळी बाटलीही संपली. बुधवार आला तरी न्हाणीघरात ओव्या होईनात. तोंडाशी यायच्या आणि परत जायच्या. आठव्या आठवड्यात बोअरच्या पाण्याने काम सुरू केलं. कानाजवळची चांदी तांबूस होत चालली. तिने चिठ्ठी आरशावरून काढली, घडी केली, फाडायला घेतली, आणि आईच्या फणीच्या डब्यात ठेवून दिली. मग वरण-भात एकटीपुरता टाकला. एका माणसाला किती तांदूळ लागतात, याचं माप तिला कधीच नीट जमलं नव्हतं. रोज घासभर उरायचाच.

*

नवव्या आठवड्यात एका दुपारी स्टँडवर ही गर्दी. आंब्याच्या मोहोराचा वास डिझेलच्या वासात मिसळून खिडकीपर्यंत येत होता. मथुरा मान खाली घालून नोंद करत होती. खिडकीपुढे कुणी उभं राहिलं.

“चौकशी करायची होती.”

तिने मान वर केली नाही. वर करायची गरजच नव्हती.

“बोला.”

“एक सहा आठवड्यांची गाडी होती. तीस डिसेंबरला लागायची. लागलीच नाही. उशिरा आहे की रद्द झाली, तेवढं कळलं तर बरं.”

मथुरेने आधी माइकचं बटण पाहिलं. बंद होतं. पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, “ती गाडी मुळात बारा आठवड्यांची. वेळापत्रकच खोटं लिहिलेलं कुणीतरी.”

मागून एक बाई गाठोडं सावरत म्हणाली, “ओ, राजापूर कधी?”

“तीन चाळीसला, फलाट तीन,” मथुरा म्हणाली, आणि त्याच्याकडे वळली. “गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही म्हणालात.”

“गिऱ्हाइकाशी नाहीच बोललो.” त्याने खिडकीच्या फळीवर हात ठेवला; बोटांवर रंगाचे जुने डाग. “मधल्या फेऱ्यांना मी रंगाला हात तरी लावला का, आठवा. दोन वेळा तर नुसतं धुतलं. माझ्याकडे दुसरा बहाणा नव्हता हो. माणसं बोलवायला चहा असतो, नाटक असतं... मला केसच येतात.”

मथुरेला आठवलं. एकदा नव्हे, दोनदा. कोमट पाणी, नुसतं पाणी, आणि न संपणारं बोलणं. आणि ती मेली बसली होती आरशात रेघ शोधत.

“खरं बारा लिहायचं होतं,” तो खाली बघत म्हणाला. “लिहायला घेतलं होतं. बावीस वर्षं लोकांना नऊ नऊ महिने वाट बघायला लावली. आपल्यावर वेळ आली तेव्हा सहाच झेपले. तेही कसेबसे.”

“फोन एकदाच केलात.”

“फोनवर खोटं बोलणं सोपं जातं. म्हणून इथे आलो. इथे तुम्ही आहात, आणि ही मागची सगळी राजापूरची मंडळी.”

गाठोडंवाल्या बाईने राजापूरची घाई सोडून दिली होती.

त्याने पायाशी ठेवलेला पाच लिटरचा कॅन उचलून फळीवर ठेवला. “पागोळीचं. माझ्या टाकीतलं शेवटचं. तुमचं संपलं असणार, जांभ्याने रंग दाखवलाय कानाजवळ.” आणि खिशातून जांभळी बाटली. “नाही आलात तरी चालेल. पण चांदीचं पितळ नका करू.”

मथुरेने कानामागे बट सारली.

“चिठ्ठी बदलून द्या,” ती म्हणाली. “केसांना बारा आठवडे लिहा. खरं ते.”

त्याचा चेहरा उतरला. “लिहितो.”

“केसांचं म्हणाले मी.” ती आता थोडी हसत होती, खिडकीच्या जाळीआडून. “माणसांचं वेळापत्रक वेगळं असतं. माझी सुट्टी साडेपाचला होते. रोज.”

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याने कळल्याचं काही दाखवलं नाही, फक्त उगाचच बाटलीचं झाकण घट्ट केलं.

“आणि सातवी ओवी?” त्याने हळूच विचारलं. “शेपूट सापडलं?”

“नाही सापडलं.”

“आहे तेवढी म्हणा.”

“इथे?”

“चौकशीचीच खिडकी आहे.”

तिने पुन्हा एकदा माइक पाहिला. मग ओठ जाळीजवळ नेऊन, गाड्यांच्या घरघरीत त्यालाच ऐकू जाईल इतकं:

*सातवी माझी ओवी*
*चांदीच्या बटेला*
*तिन्हीसांजेच्या वाटेला...*

आणि थांबली. इथेच ती दर बुधवारी थांबायची. फेस गळत राहायचा, वेळ निघून जायचा.

हरिश्चंद्र जाळीकडे बघत होता. यमक जुळवणारा माणूस नव्हता तो.

“मी आहे,” तो म्हणाला.

मथुरेने ते मनातल्या मनात ओवीला लावून पाहिलं. बसलं. आईच्या मापाने बसलं.

तीन चाळीस होत आले होते. तिने माइक ओढला, बटण दाबलं आणि राजापूरची गाडी पुकारली. फलाट दोनवर. लगेच सावरून, तीनवर. लांबून सदूने खाकी टोपी काढून खिडकीकडे पाहिलं आणि आपल्याशीच मान हलवली. फलाट तीनकडे जाता जाता गाठोडंवाली बाई वळून म्हणाली, “बाय, पाणी आत घे आधी. उन्हात ठेवू नको.”

मथुरेने बाजूचं दार उघडून कॅन आत घेतला.

“आज वार कोणता?” त्याने विचारलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

“बुधवार.”

“किती ओव्या?”

“सात.”

“आणि झाली बट जांभळी तर?”

मथुरेने दार लावता लावता त्याच्याकडे पाहिलं.

“तर बारा आठवडे थांबायला नको.”